विहिरीतून आलेला आवाज: बॉब डिलनचा १९९७ सालचा अल्बम ऐकताना

मागच्या उन्हाळ्यात, ऐन नवतप्यात, भाचा आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी मुक्कामाला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो आणि त्याचा कान चांगला आहे. रात्रीची जेवणं झाल्यावर मी त्याला अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘टाइम आऊट ऑफ माइंड’ लावून दिला. दोन गाणी त्यानं मन लावून ऐकली आणि मग म्हणाला, “मामा, गाणं भारी आहे. पण आवाज काहून असा विहिरीतून आल्यासारखा येऊन राह्यला? रेकॉर्डिंगच खराब आहे का?”

मला त्याचा प्रश्न फार आवडला. हा अल्बम आला तेव्हापासून जाणते लोक याच प्रश्नावर वाद घालत आले आहेत, आणि पुढे खुद्द डिलननंही मुलाखतींत या ध्वनीबद्दल नाराजी बोलून दाखवली. मी हा अल्बम पहिल्यांदा बर्डीच्या बाजारातून आणलेल्या कॅसेटवर ऐकला होता, आणि तेव्हा मलाही टेपरेकॉर्डरचं हेड मळलंय असंच वाटलं होतं. ते पुसून झालं, कॅसेट पुन्हा लावली, आवाज तसाच. मग हळूहळू कळत गेलं की तो मळ नव्हता, तसा आवाज कुणीतरी ठरवून केला होता. का केला, कसा केला आणि गाण्यांना तो मानवतो का, हे भाच्याला त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत जसं सांगितलं, तसंच इथे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिलनचा जन्म २४ मे १९४१ चा. साठच्या दशकात त्यानं गीतलेखनाची तऱ्हाच बदलून टाकली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९९० नंतर सात वर्षं त्याच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम आला नाही. १९९२ आणि १९९३ मध्ये दोन अल्बम आले, पण त्यांत सगळी जुनी लोकगीतं आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची जुनी गाणी, एकट्यानं गिटारवर गायलेली. झरा आटला असं बऱ्याच जणांनी धरून चाललं होतं. मग ३० सप्टेंबर १९९७ ला हा अल्बम आला. अकरा गाणी, साधारण बहात्तर मिनिटं. गायक छप्पन्न वर्षांचा. १९९८ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, शिवाय आणखी दोन.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मे १९९७ मध्ये डिलन हृदयाच्या आवरणाला झालेल्या संसर्गामुळे रुग्णालयात होता. त्यामुळे मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाची ही गाणी आहेत, असं तेव्हापासून लिहिलं जातं. पण गाणी आधीच लिहून झाली होती आणि मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं होतं. अंधाराची ही चाहूल आजारानं आणलेली नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती त्या माणसाला आधीपासून दिसत होती.

अल्बमचा निर्माता होता डॅनियल लान्वा. संगीतात निर्माता म्हणजे पैसे घालणारा नव्हे. त्याचं काम सिनेमाच्या दिग्दर्शकासारखं असतं. कोणते वादक, कुठली खोली, मायक्रोफोन कुठे ठेवायचा, गाणं कोणत्या चालीत बांधायचं, शेवटी कानाला काय पोचायचं, हे सगळं तो बघतो. लान्वानं डिलनबरोबर १९८९ मध्येही एक अल्बम केला होता. यू-टू या आयरिश रॉक बँडबरोबरच्या कामामुळे त्याचं नाव झालेलं होतं, आणि धुक्यात भिजल्यासारखा, खोली असलेला ध्वनी ही त्याची ओळख होती. त्या धुक्यातूनच भाच्याची विहीर निघाली.

आता विहीर म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

रामटेकच्या गडावर गेलात तर तिथल्या दगडी मंडपात एक टाळी वाजवून बघा. आधी टाळी ऐकू येते आणि तिच्या मागोमाग एक शेपूट. हे शेपूट म्हणजे भिंती, छत आणि फरशीवर आपटून परत आलेल्या असंख्य टाळ्या. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवरून परत येणारा आवाज मूळ आवाजानंतर सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात कानावर येतो, म्हणून मेंदू दोन्ही एकच समजतो. मंडपात हे अंतर वाढतं आणि शेपूट वेगळं ऐकू येऊ लागतं. यालाच रिव्हर्ब म्हणतात. गंमत अशी की आपला मेंदू याच शेपटावरून अंतर मोजतो. थेट आवाज जास्त आणि शेपूट कमी, म्हणजे माणूस जवळ आहे. शेपूट जास्त, म्हणजे माणूस लांब आहे. डोळे मिटूनही आपल्याला हे कळतं.

स्टुडिओत हे शेपूट हवं तेवढं वाढवता किंवा कापता येतं. लान्वानं या अल्बमात वाद्यांची शेपटं लांब ठेवली, आणि डिलनच्या आवाजावर काही ठिकाणी मुद्दाम खरखरीतपणा चढवला. पहिलंच गाणं, ‘लव्ह सिक’, याचं चोख उदाहरण आहे. ऑर्गनचे तुटक ठोके लांबून येतात, आणि आवाज जुन्या रेडिओच्या जाळीतून यावा तसा, किंचित फाटलेला. माणूस रात्री रिकाम्या रस्त्यावरून चाललाय आणि त्याचं बोलणं आपण शेजारच्या गल्लीतून ऐकतोय, असं वाटतं.

लान्वाला हे कुठून सुचलं? त्याच्या स्वतःच्या आवडीतून तर आलंच, पण सूत्र डिलनचंही होतं. डिलनच्या मनात जुन्या ब्लूज रेकॉर्डी घोळत होत्या. चार्ली पॅटनसारख्यांच्या, १९२९ ते १९३४ या काळातल्या. त्या काळी प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करायला ट्रॅक नव्हते, चुका पुसायची सोय नव्हती. वादक मायक्रोफोनपासून जितका लांब, तितका तो मागे ऐकू यायचा. आपल्याकडच्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. सारंगी गायकाच्या खांद्यामागे बसलेली दिसते, अगदी दिसते म्हणावं इतकी. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या खरखरीत तबकडीत एक खोली असते आणि त्या खोलीत माणसं असतात. डिलनला ती खोली हवी होती. लान्वानं ती नव्या यंत्रांनी उभी केली. दोघांचं भांडण बहुधा याच जागी आहे. एकाला खरी खोली हवी होती, दुसऱ्यानं खोलीचं चित्र काढलं. चित्र सुंदर आहे, तरी खोली आणि चित्र यांत फरक राहतोच.

हे मी भाच्याला सांगत होतो तेव्हा कूलर चालू होता. मी उठून तो बंद केला. पाच मिनिटांत घामानं अंग भिजलं, पण गाण्यात तोवर न ऐकू आलेलं एक पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी फिरवून वाजवतात ती) अचानक वर आली. भाचा सावरून बसला. “ही आधी होती का?”

होती. याला झाकोळ म्हणू. दोन आवाज साधारण एकाच पट्टीचे असले की मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो. लहान आवाज हवेत असतो, कानाच्या पडद्यापर्यंतही जातो, पण मेंदूला जाणवत नाही. आपल्या कूलरचा घरघराट म्हणजे खालच्या-वरच्या सगळ्या पट्टीतल्या आवाजांचा एकत्र लोंढा, त्यामुळे तो सगळ्यांनाच थोडाथोडा गिळतो. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकतं तो आवाज वेगळा. नागपूरकरानं मे महिन्यात हा अल्बम ऐकून त्याच्या ध्वनीबद्दल मत देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. निदान पहाटे चारला, कूलर बंद करून ऐकावा.

पण झाकोळ अल्बमच्या आतही आहे, आणि भाच्याच्या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथे आहे. या ध्वनिमुद्रणात वादक भरपूर होते. काही गाण्यांत दोन ड्रमवादक, अनेक गिटारी, ऑर्गन, पियानो, पेडल स्टील, बास. ही मंडळी बऱ्याच वेळा एकाच दालनात एकत्र बसून वाजवत होती. आता गिटार, ऑर्गन आणि पुरुषाचा आवाज यांचं बरंचसं वजन मधल्या पट्टीत येतं, सेकंदाला दोनशे ते चार हजार कंपनं एवढ्या भागात. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, स, त, क, ट यांच्यामुळे, आणि त्यांचं तेज दोन हजारांच्या वर असतं. तिथे गिटारीची किनार आणि शेपटांचा ढग येऊन बसला की शब्दाची धार बोथट होते. स्वर पोचतो, शब्द अडकतो. ‘मिलियन माइल्स’ या गाण्यात मला हे प्रत्येक वेळी जाणवतं. शब्द इतके नेमके आहेत की ते अडकलेले पाहून जीव तगमगतो.

त्यात एक तांत्रिक अडचण आणखी. ड्रमचा आवाज फक्त ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये शिरत नाही, तो गायकाच्या, पियानोच्या, सगळ्यांच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. एकाच खोलीत पाच जण बोलत असताना एकाचंच बोलणं टेप करायला गेलात तर जे होतं, तेच. याचा फायदा असा की संगीत सांधलेलं, जिवंत वाटतं, कारण खऱ्या खोलीत आवाज असेच मिसळतात. तोटा असा की नंतर एखादं वाद्य पूर्ण काढून टाकता येत नाही. त्याची सावली दुसऱ्यांच्या ट्रॅकवर उरतेच.

इथे दोन शब्दांतला फरक सांगून ठेवतो, कारण त्यांची नेहमी गल्लत होते. रीमास्टर आणि रीमिक्स. गोपाळकाल्याची हंडी डोळ्यांसमोर आणा. पोहे, दही, लाह्या, लोणचं, डाळ एकत्र कालवलं की झाला काला. कालवल्यावर तुम्ही वरून मीठ घालू शकता, थोडं दही वाढवू शकता, पण लोणचं बाहेर काढू शकत नाही. रीमास्टर म्हणजे कालवलेल्या काल्याची चव सुधारणं. रीमिक्स म्हणजे वेगवेगळ्या वाट्यांत जपून ठेवलेल्या मूळ जिनसा घेऊन काला पुन्हा कालवणं. मूळ बहुट्रॅक टेप म्हणजे त्या वाट्या. आणि वर सांगितलेली सावली म्हणजे, पोह्यांच्या वाटीत आधीच सांडलेलं थोडं लोणचं.

या अल्बमच्या वाट्या जपलेल्या होत्या. २७ जानेवारी २०२३ ला डिलनची जुनी, अप्रकाशित ध्वनिमुद्रणं बाहेर काढणाऱ्या बूटलेग मालिकेचा सतरावा भाग आला, आणि त्यात ध्वनिमिश्रक मायकेल ब्राउअर यानं पूर्ण अल्बम नव्यानं कालवून दिला. पंचवीस वर्षांनी तीच गाणी, तेच गायन, तेच वादन. आवाज मात्र विहिरीतून बाहेर आला. डिलन समोरच्या खुर्चीत येऊन बसला, ढग विरळ झाले, वाद्यं आपापल्या जागी दिसू लागली. सोप्या भाषेत ध्वनी समजून घ्यायचा असेल तर याहून चांगली शाळा मला माहीत नाही. एकच गाणं १९९७ च्या रूपात ऐका, मग लगेच २०२३ च्या रूपात. गायन तेच असल्यामुळे जो काही फरक कानाला जाणवतो, तो सगळा मिश्रणाचा.

ऐकताना एक पथ्य मात्र पाळा. दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवा. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो, हा कानाचा स्वभावच आहे, आणि तो भल्याभल्यांना फसवतो. याच स्वभावामुळे नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी अल्बम अधिकाधिक मोठ्या आवाजात भरायला सुरुवात केली. ते कसं होतं ते सांगायला नागपूरसारखं गाव नाही. विधानभवनाजवळ आपला झिरो माईलचा दगडी स्तंभ आहे. इथून अमुक गाव इतके मैल, अशी मोजणी आपण शून्यापासून पुढे करतो. डिजिटल ध्वनीतही एक झिरो माईल असतो, शून्य डेसिबल. फरक इतकाच की तिथे शून्याच्या पुढे रस्ताच नाही. सगळे आवाज शून्याच्या खाली, उणे सहा, उणे वीस, उणे चाळीस असे मोजले जातात. सीडीच्या सोळा बिटांत वरच्या टोकापासून खालपर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. शून्याच्या वर जाता येत नाही, मग अल्बम मोठा वाटायला हवा असेल तर काय करायचं? हळू आवाज उचलून मोठ्या आवाजांच्या पंक्तीत बसवायचे. कुजबुज आणि किंकाळी एकाच उंचीवर. पहिली दोन मिनिटं जोरकस वाटतं, वीस मिनिटांनी डोकं दुखतं. आज स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी सगळ्या गाण्यांचा सरासरी आवाज आपोआप सारखा केला जातो, त्यामुळे ही चढाओढ निरर्थक झाली आहे, पण त्या काळात चिरडलेल्या अल्बमांचं काय? ते तसेच आहेत. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

‘टाइम आऊट ऑफ माइंड’ मात्र धुकट असला तरी त्याला श्वास आहे. ‘नॉट डार्क येट’ मध्ये कडव्यांच्या मधल्या जागा मागे सरतात, आणि डिलन पुन्हा गाऊ लागला की आपण नकळत पुढे झुकतो.

आता याच गाण्याकडे येतो. ध्वनीबद्दल कितीही बोललो तरी हा अल्बम टिकला तो त्याच्या गीतांमुळे, आणि ‘नॉट डार्क येट’ हे त्यातलं, माझ्या मते, सर्वांत घट्ट विणलेलं गाणं.

सुरेश भटांच्या गावात रदीफ आणि काफिया समजावून सांगावे लागत नाहीत. गझलेत शेवटी एक शब्दसमूह न बदलता येतो आणि त्याच्या आधी जुळणारा यमक-शब्द बदलत जातो. ‘नॉट डार्क येट’ गझल नाही, पण त्याची बांधणी त्या कानाला ओळखीची वाटेल. चार कडवी. प्रत्येक कडव्यात सहा ओळी, दोन-दोन ओळींची यमकं. सहावी ओळ प्रत्येक वेळी तीच: अजून अंधारलं नाही, पण आता अंधारत चाललंय, अशा अर्थाची. आणि पाचवी ओळ तिच्याशी यमक जुळवते. चार कडव्यांतले पाचव्या ओळींचे यमक-शब्द नुसते ओळीनं मांडून बघा: एनीव्हेअर, केअर, बेअर, प्रेअर. पहिल्या कडव्यात माणसाला उभं राहायलाही कुठे जागा उरलेली नाही. दुसऱ्यात, कशाची पर्वा का करावी हेच त्याला कळेनासं झालंय. तिसऱ्यात, ओझं सोसवेनासं झालंय. चौथ्यात, प्रार्थनेची कुजबुजही ऐकू येत नाही. जागा गेली, पर्वा गेली, बळ गेलं, शेवटी देवही गप्प झाला. धृपदाची ओळ एका अक्षरानंही बदलत नाही, पण प्रत्येक वेळी ती अधिक अंधारात उच्चारली जाते. हा सगळा उतार फक्त चार यमकांवर बांधलाय. हे काम पंचविशीतल्या माणसाचं नाही. पंचविशीतला डिलन एका गाण्यात शंभर प्रतिमा उधळायचा. इथे तो चार शब्दांत भागवतो.

पहिल्याच कडव्यात तो म्हणतो की उकाडा इतका आहे की झोप लागत नाही आणि वेळ निसटून चाललाय. कूलर बंद केलेल्या त्या खोलीत ही ओळ आली तेव्हा भाचा माझ्याकडे बघून हसला. नागपुरात या ओळीला टीप लागत नाही.

पंचविशी आणि छप्पन्नमधला फरक गळ्यातही असतो. वय वाढतं तशा स्वररज्जू ताठर आणि पातळ होतात, त्यांचा मिलाफ पूर्वीसारखा घट्ट बसत नाही, त्यातून हवा निसटते आणि आवाजाला घोगरेपणा येतो. छातीच्या स्नायूंचं बळ घटतं, म्हणून लांब श्वासाच्या जागा अवघड जातात. वरचे सूर आधी जातात. आपल्याकडे शहाणे गवई उतारवयात तार सप्तकाशी झोंबत नाहीत, मंद्र-मध्यात राहून एका सुरावर वेळ घेतात, आणि श्रोत्यांना ते जास्त भावतं. डिलननं तेच केलं, फक्त त्यानं ते गाणी लिहितानाच केलं. या अल्बमातल्या बऱ्याचशा चाली मोजक्या सुरांच्या टापूत फिरतात. ओळी लहान, श्वासाच्या मापाच्या. चाल जिथे साधी, तिथे शब्दाचं वजन कुठे टाकायचं याला महत्त्व येतं, आणि डिलन शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, जणू तो आठवून आठवून सांगतोय. कीर्तनकार आख्यानात करतात तसं. गळ्याची मर्यादा त्यानं लेखनात विरघळवून टाकली. म्हणूनच २०२३ च्या मिश्रणात, आवाज जवळ आला आणि त्याच्या भेगा दिसू लागल्या तरी काही बिघडत नाही. उलट कळतं की त्या भेगांसाठीच या ओळी कापलेल्या आहेत.

दुसरी एक गोष्ट, जी आपल्याला परदेशी समीक्षकांपेक्षा सहज कळायला हवी. या अल्बमात जुन्या लोकगीतांमधल्या, ब्लूजमधल्या ओळी ठिकठिकाणी येतात. ‘ट्राइंग टू गेट टू हेवन’ मध्ये तर त्या रांगेनं येतात. यावरून चोरीची भाषा झाली आहे. पण जात्यावरच्या ओव्या आठवा. ‘पहिली माझी ओवी’ ही कुणाची? ती दळणाऱ्या प्रत्येक बाईची. सुरुवात ओळखीची, मग तिचा स्वतःचा भाऊ, तिचं स्वतःचं माहेर, तिचं स्वतःचं दुःख. ओळखीची ओळ घेतल्यामुळे तिचं दुःख उसनं होत नाही, उलट तिच्या आधी दळून गेलेल्या सगळ्या बायका तिच्या मागे येऊन उभ्या राहतात. त्या दोन लोकगीतांच्या अल्बमांत डिलननं सात वर्षांच्या शांततेतली मशागत केली होती, असं मला वाटतं. १९९७ चं पीक त्या जमिनीतलं आहे.

शेवटचं गाणं, ‘हायलँड्स’, साडेसोळा मिनिटांचं. त्याचं बीज स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या एका कवितेत आहे. खाली एक छोटीशी गिटारची फिरत सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच. तबल्याच्या स्वतंत्र वादनात हार्मोनियमवर लेहरा चालू असतो ना, तसं. लेहरा बदलत नाही म्हणूनच तबल्याला वाटेल तिकडे जाऊन समेवर यायची मुभा मिळते. डिलनही तसाच भटकतो. मध्येच बोस्टनच्या एका रिकाम्या हॉटेलात शिरतो, तिथल्या वाढणाऱ्या बाईशी उकडलेल्या अंड्यांवरून आणि चित्र काढण्यावरून कितीतरी वेळ बोलत बसतो, तिथून निघतो, रस्त्यावरच्या तरुण पोरांकडे हेव्यानं बघतो. काहीच घडत नाही. इथे ध्वनी जवळजवळ उघडा आहे, धुकं नाही, आणि अल्बमभर धुक्यातून चालल्यावर ही मोकळी हवा फार बरी वाटते. लान्वाला हा क्रम कळला होता, हे श्रेय त्याला द्यायला हवं.

सगळंच चांगलं आहे असं नाही. ‘डर्ट रोड ब्लूज’ मला भरतीचं वाटतं. ‘मेक यू फील माय लव्ह’ पुढे इंग्रज गायिका अडेलनं गायल्यामुळे जगभर पोचलं, ते सरळ, गोड गाणं आहे, पण या उदास पंगतीत ते जरा उपरं बसतं. आणि याच सत्रांत मुद्रित केलेलं ‘मिसिसिपी’ हे उत्तम गाणं अल्बमात घेतलं नाही. डिलननं ते २००१ च्या अल्बमासाठी नव्यानं मुद्रित केलं, आणि तो अल्बम त्यानं जॅक फ्रॉस्ट या टोपणनावानं स्वतःच निर्मित केला. त्यानंतर त्यानं स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम लान्वाकडे सोपवला नाही.

मग कोणतं रूप चांगलं? भाच्यानं शेवटच्या दिवशी हेच विचारलं. आम्ही पहाटे उठलो, कूलर बंद, रस्त्यावर अजून दूधवालाही नाही. एकेक गाणं दोनदा ऐकलं. ‘लव्ह सिक’ आणि ‘कोल्ड आयर्न्स बाउंड’ ला मला जुनंच रूप हवं. तिथे माणूस हरवलेला आहे आणि धुकं त्या हरवण्याचाच भाग आहे. पुसून स्वच्छ केलं की रस्ता दिसतो, पण मग हरवणार कसं? ‘मिलियन माइल्स’ आणि ‘कान्ट वेट’ ला नवं, कारण तिथे शब्दांना ढगाखालून काढायची गरजच होती. ‘स्टँडिंग इन द डोअरवे’ वर आमचं एकमत झालं नाही. भाच्याला जवळचा आवाज हवा, मला वाटतं दारात उभ्या असलेल्या माणसाचा आवाज थोडा लांबूनच यावा.

‘नॉट डार्क येट’ आम्ही सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. आधी जुनं, मग नवं. दुसऱ्यांदा चौथं कडवं आलं तेव्हा भाच्यानं गिटार उचलली होती, पण वाजवली नाही, नुसती मांडीवर धरून बसला. गाणं संपलं. खिडकीतून उजाडत होतं. तो म्हणाला, “जुनं लाव ना मामा पुन्हा.” मी लावलं.